स्थलांतरित मुलांच्या नोंदी : कोणास द्याव्या, कशा द्याव्या

दिवाळी आटोपली की साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि संगमनेर परिसरात प्रवरेच्या दोन्ही तीरांवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड जिल्ह्यातून, तसेच आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगाव भागातून कुटुंबे येतात. त्याच सुमारास या भागांतील दुसरी कित्येक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, आणि राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातील शाळांना काही मुले पाठवावी लागतात, तर काही स्वीकारावी लागतात. मुलाबरोबर त्याची नोंदही जावी लागते. पूर्वी ती शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या रूपाने बापाच्या खिशात जाई. आता ती संगणकावरूनही जाते. मार्ग बदलला तशी शिक्षकाची जबाबदारीही वाढली आहे. तिचे स्वरूप या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम नोंद कोठे असते ते पाहू. जनरल रजिस्टर हे शाळेचे मूळ दप्तर. आपल्या राज्यात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाऊ लागली. २०२२-२३ पासून केंद्र शासनाच्या ‘यू-डायस प्लस’ प्रणालीतही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते व त्यास कायम शिक्षण क्रमांक मिळतो. कर्नाटकाची विद्यार्थी-नोंदणीची प्रणाली निराळी आहे. यास्तव दोन राज्यांना जोडणारा दुवा म्हणजे यू-डायस प्लस होय. मूल शाळा सोडून गेल्याची नोंद आपण त्यात केली की त्याचे नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाते, नवी शाळा कायम शिक्षण क्रमांक व जन्मतारीख घालून ते आपल्याकडे घेते. या मार्गात कोणाच्याही भ्रमणध्वनीवर यादी पाठवावी लागत नाही, हे ध्यानात घ्यावे.

या कामात दोन दोष संभवतात : नोंद अडवून ठेवणे हा एक आणि नोंद वाटेल तेथे सांडणे हा दुसरा. दोन्ही मी पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका शाळेस भेट दिली असता सुमारे दहा वर्षांची एक मुलगी वर्गाच्या दाराशी, पायरीवर बसलेली दिसली. विचारता गुरुजी म्हणाले, “साहेब, हिचे नाव अजून ऑनलाइन आले नाही. आधीची शाळा सोडीत नाही.” दोन महिने ती पायरीवरच बसून फळा पाहत होती. गुरुजी मनाने वाईट नव्हते. संगणकावर नाव आल्यावाचून प्रवेश देता येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत चुकीची आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमातील कलम ५ असे सांगते की, मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावा, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू अथवा नाकारू नये. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. आधार क्रमांकाच्या अभावी मुलास शिक्षणापासून वंचित ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तात्पर्य, मूल आधी वर्गात बसवावे आणि नोंदीचा पाठपुरावा मागाहून करावा.

दुसरा अनुभव याच्या उलट आहे. एका गावी नावांतील चुका दुरुस्त करण्याच्या सद्हेतूने शाळेची यादीच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यात आली. नाव, जात, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि आईचा दूरध्वनी, असे सर्व रकाने तीत होते. त्या आठवड्यात दोघा-तिघा मातांना शिष्यवृत्तीच्या नावाखाली फोन आले व मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला गेला. यादी त्याच गटातून फुटली असे सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या माता शाळेत येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती फुटली नाही असेही शाळेला सांगता येईना. मजुरी करणाऱ्या बाईचा शाळेवरील विश्वास एकदा उडाला की ती पुढील वर्षी मुलास नाव घालावयास आणीत नाही.

कायद्याची भूमिकाही येथे स्पष्ट आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. आधार अधिनियमान्वये कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. या अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती, हा सामान्य नियम सांगितला आहे. ‘अपार’ क्रमांकासाठीही पालकाचे संमतिपत्र घेतले जाते. ते सही-अंगठ्यापुरते न घेता त्यातील मजकूर पालकास वाचून दाखवावा.

प्रत्यक्ष कामात पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) मागणी करणारी शाळा खरी आहे याची खात्री करावी. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो व त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४. कर्नाटकातील शाळेचे नाव सांगणाऱ्याचा क्रमांक २९ ने सुरू होत नसेल तर थांबून चौकशी करावी. मुकादमाने वा कोणा मध्यस्थाने फोनवर मागितली म्हणून माहिती देऊ नये.

(२) पुढील शिक्षकास जेवढे लागते तेवढेच द्यावे. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, उपस्थिती, कायम शिक्षण क्रमांक आणि वाचन-गणितातील प्रगती ही माहिती उपयोगाची आहे. बँक खाते, घरातील कर्ज वा भांडणे यांच्याशी नव्या शाळेस कर्तव्य नाही. मुलास अपंगत्व किंवा आजार असल्यास ते पालकास विचारून फक्त मुख्याध्यापकास कळवावे.

(३) जनरल रजिस्टराच्या पानाचे छायाचित्र पाठवू नये. एका मुलासाठी काढलेल्या छायाचित्रात त्या पानावरील इतर सर्व मुलांची नावे व जाती जातात.

(४) शाळेचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये व दुकानदारास देऊ नये. बाजारातील संगणक केंद्रावर काम करावेच लागले, तर स्वतः समोर बसावे, उतरविलेल्या फायली पुसून टाकाव्यात आणि लॉगआऊट करूनच उठावे.

(५) परराज्यात जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहावी आणि नावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रणालीतील नोंदीप्रमाणेच असावे. कानडी शाळेतील शिक्षकास मराठी अक्षर वाचता येईलच असे नाही, आणि एका अक्षराच्या फरकाने एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात.

(६) हंगामापुरत्या जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड द्यावे. परराज्यातील शाळेवर ते बंधनकारक नाही. तथापि मूल कोणत्या इयत्तेत आहे व त्यास काय येते, हे त्यावरून समजते.

यावर कोणी म्हणेल की, एवढी सावधगिरी बाळगावयाची तर माहिती कोणास न देणेच बरे. हा विचार घातक आहे. सावधगिरीच्या नावाखाली दाखला अडविला तर तीच पायरी आणि तीच मुलगी पुन्हा आपल्यासमोर येईल. योग्य शाळेस योग्य मार्गाने त्याच दिवशी नोंद देणे आणि इतर कोणासही न देणे, अशी या कर्तव्याची दोन अंगे आहेत. एक सांभाळून दुसरे सोडता येत नाही.

नोंद शाळेच्या कपाटात असली तरी ती मुलाच्या मालकीची असते. आपण तिचे राखणदार आहोत. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाजवळ भांडीकुंडी व अंथरूण-पांघरूण यांवाचून फारसे काही नसते. मुलाने मिळविलेली इयत्ता हीच काय ती त्याची कमाई. गाडी गावाबाहेर पडण्यापूर्वी ती त्याच्या नावे सुरक्षित रवाना झाली आहे ना, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने या हंगामात स्वतः पाहावे.