पाऊस, कांदा आणि घराचा हप्ता

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर मुंबईच्या हमरस्त्यापासून एक रस्ता फुटतो आणि भोसरी, मोशीवरून चाकणला जातो. चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध आहे. हल्लीं तेथील मोटारींचे कारखाने त्याहूनही प्रसिद्ध झाले आहेत. या कारखान्यांवर ज्यांचा संसार चालतो त्यांच्या घरीं, शेती सुटली म्हणजे पावसाची चिंताही सुटली, अशी एक समजूत आढळते. सुज्ञ वाचकांनीं ती जरा तपासून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

२०२२ चा मार्च घ्या. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण मार्च तोंवर आढळला नव्हता. उत्तरेंत गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळींच ऊन तापलें, पीक घटलें आणि १३ मे रोजीं सरकारनें गव्हाची निर्यात थांबविली. पुढच्या वर्षीं ऑगस्टांत पाऊस सरासरीहून ३६ टक्के कमी पडला. इतका कोरडा ऑगस्टही १९०१ पासून झाला नव्हता. त्याच महिन्यांत कांद्यावर ४० टक्के निर्यातकर बसला व डिसेंबरांत निर्यातच बंद झाली. ज्या शेतकऱ्याचा कांदा वसंतांतल्या अवकाळी पावसानें आधींच भिजला होता, त्याला चार पैसे मिळूं लागले तोंच दार लागलें.

आतां हें कासारवाडींतल्या घरांत कसें शिरतें तें पाहूं. भाजी महागते हें गृहिणींना सांगावयास नको. परंतु रिझर्व्ह बँक ज्या व्याजानें इतर बँकांना कर्ज देते, तो दर तिनें मे २०२२ पासून नऊ महिन्यांत ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. त्यास युक्रेनचें युद्धही कारण होतें, हें खरें. पण पुढें फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो उतरला नाहीं, यांत अन्नाच्या महागाईचा हात मोठा होता. वीस लाखांचें, वीस वर्षांचें गृहकर्ज धरा. व्याज ७ टक्क्यांवरून ९.५ वर गेलें, तर मासिक हप्ता सुमारें ३,१०० रुपयांनीं वाढतो. गृहस्थानें नांगर हातीं धरला नाहीं, तरी न पडलेल्या पावसाची पट्टी त्यानें भरलीच.

श्रीमंत देशांना हा चटका इतका बसत नाहीं. भारताच्या त्या वेळच्या किंमत-निर्देशांकांत खाद्यपेयांचा भार सुमारें ४६ टक्के होता. अमेरिकेंत तो १५ हूनही कमी. आणि हवा तापविण्यांत मात्र माणशीं वांटा त्यांचाच कितीतरी अधिक!

निर्यातबंदीचा उपाय आम्हांस तोकडा वाटतो. उन्हाळी कांदा कांहीं महिने टिकतो, पण त्याला वारा खेळणारी, न गळणारी चाळ लागते. तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकून भागणार नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या गृहसंस्थांनीं शेतकरी मंडळांशीं हंगामाआधींच भाव ठरवून कांदा घेतला, तर चाळ बांधण्यास त्यांना भरंवसा येईल.