शाळेतली साखरेची पुडी



पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या काठची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. खिचडीच्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे. एवढ्यात पाचवीतला एक मुलगा घामाने डबडबतो, त्याचे हात थरथरतात, विचारल्या प्रश्नाला तो भलतेच उत्तर देतो आणि मान टाकतो. गुरुजींना वाटते, पोरगे रात्री झोपले नसेल. कोणी म्हणते, फीट आली, कांदा हुंगवा. पण ह्या मुलाला मधुमेह आहे आणि त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आहे. आता मिनिटामिनिटाला मोल आहे.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण अशा वेळी मुलाजवळ डॉक्टर नसतो, शिक्षक असतो. म्हणून हे बोलणे.

लहान मुलांना मधुमेह होतो का? होतो. गोड खाल्ल्याने नव्हे, की आईबापांच्या चुकीने नव्हे. शरीराचीच संरक्षक शक्ती उलटते आणि स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन ह्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तोवर अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, संसार करतात. मात्र इन्सुलिन रोज टोचावे लागते.

मग साखर एकाएकी का उतरते? आपल्या कालव्याचेच पाहा ना! धरणातून एकदा सोडलेले पाणी मागे ओढता येत नाही. निरोगी शरीर गरजेपुरतेच इन्सुलिन सोडते; सुईने टोचलेले मात्र आपले काम करीतच राहते. त्यात जेवायला उशीर झाला, डबा अर्धा राहिला, किंवा कवायत, कबड्डी जास्त झाली, की साखर खाली येते. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली म्हणजे धोका समजावा.

इथेच आपण अडखळतो. ‘साखरेचा आजार, अन् त्याला साखर कशी द्यायची?’ द्यायची! हेच त्या वेळचे औषध. मूल शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर चहाचे ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज थोड्या पाण्यात विरघळवून लगेच पाजा. अगदी लहान मुलास २ चमचे. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा लागू पडते. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्या. सावरल्यावर पोळी, भाकरी किंवा बिस्किटे खाऊ घाला. एकट्याला घरी धाडू नका, पाणी प्यायलासुद्धा एकटे सोडू नका.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. घरच्यांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन शाळेत ठेवले असेल आणि ते कसे द्यावे हे कोणी शिकलेले असेल, तर ते द्यावे. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीच देऊ नका.

उलट प्रकारही असतो. फार तहान, वारंवार लघवी, पोटदुखी, उलट्या, खोल धापा, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ही साखर फार चढल्याची लक्षणे. तेव्हा वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मूल शुद्धीवर आहे, पण साखर चढली की उतरली हे कळेना, यंत्रही हाताशी नाही, तर साखर द्या. थोड्या जास्त साखरेने लगेच घात होत नाही, उतरलेल्या साखरेने होतो.

मायबापहो, आजार लपवू नका. वर्गशिक्षकांना सांगा, फोन नंबर लिहून द्या. आणि गुरुजी, अशा मुलास वर्गात खाण्याची, लघवीला जाण्याची, साखर तपासण्याची मोकळीक द्या. सीबीएसईने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षेतही खाऊ जवळ ठेवू दिला; मग रोजच्या तासाला हरकत कसली? छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते, तिचा सल्ला घेता येईल.

उद्या शाळेत गेल्यावर एवढेच करा. टेबलाच्या खणात, खडूच्या डबीशेजारी साखरेची एक पुडी ठेवा, आणि ती कुठे आहे हे साऱ्या वर्गाला सांगून ठेवा.