बापाचे बाळंतपण

मराठी भाषेने बाळंतिणीचे पुष्कळ कौतुक केले आहे. तिच्यासाठी बाळंतविडा आहे, बाळंतकाढा आहे, बाळंतशेपा आहेत. खायला अळीव आणि डिंकाचे लाडू आहेत. आणि पहिल्या खेपेला तर हक्काचे माहेर आहे. मराठी शिकवण्याचा धंदा पत्करल्यामुळे शब्द चाळत बसण्याची खोड मला लागली आहे. म्हणून बाळाच्या बापासाठी आपल्या रीतीभातींनी काय राखून ठेवले आहे, तेही मी एकदा शोधून पाहिले. सापडले ते एवढेच : दहा दिवसांचे सोयर! त्या दिवसांत त्याने देवपूजा करायची नाही. म्हणजे बापाला रजा मिळाली ती देवघरातून, कामधंद्यातून नव्हे. आणि त्या दहा दिवसांत बाळासाठी त्याने काय करावे, हे कुणीच सांगितले नाही.

त्या काळी त्यावाचून फारसे अडत नव्हते. घरात आजी होती, आत्या होती, हाकेच्या अंतरावर शेजारच्या काकू होत्या. आज डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात काय दिसते? आजी स्वतःच अजून नोकरीत असते, किंवा तिचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत. नवराबायको दोघेही नोकरदार. डोंबिवलीपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर. सकाळची ठरलेली लोकल गाठायला घर सोडणारा बाप रात्री परततो तेव्हा बाळ झोपलेले असते, आणि बाळ जागे होते तेव्हा त्याला झोपणे भाग असते, कारण पुन्हा तीच लोकल गाठायची असते. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या, वाकण्याचीही चोरी असलेल्या बाईने दिवसभर एकटीने काय करावे?

यावर उपाय एकच सुचतो : रजा. पण ही रजा देणे मालकावर कायद्याने बंधनकारक असावे काय?

आईपुरता हा वाद आपण कधीच निकालात काढला आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आणले. ते फेटाळले गेले. पण मुंबई इलाख्यात १९२९ साली तसा कायदा झाला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा. आदल्या वर्षी, १९२८ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या कौन्सिलात या बिलावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो विचार मांडला, तो आजही जुना झालेला नाही. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होते. पण स्त्रियांच्या कामाचा लाभ मालकाला मिळतो, म्हणून त्यालाही पूर्ण सुटका नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा आला. त्यात रजा १२ आठवड्यांची होती. १ एप्रिल २०१७ पासून ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कायम ठेवला आहे. बापाचे नाव मात्र त्या संहितेत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा गेल्या शतकाच्या अखेरीसच मिळाली. खाजगी नोकरीतल्या बापाचे सारे मालकाच्या मर्जीवर. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली सर्व नोकरदार बापांना रजा मिळावी म्हणून लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहू. माझी एक विद्यार्थिनी बी. ए. होऊन ठाण्यातल्या एका छोट्या कचेरीत मुलाखतीला गेली. तिला तीन प्रश्न विचारले : शिक्षण किती, संगणक येतो का, आणि लग्न ठरले आहे का? तिसऱ्याचे तिने खरे उत्तर दिले – मार्गशीर्षात आहे. नोकरी तिच्याबरोबर गेलेल्या मुलाला मिळाली. त्याचेही लग्न त्याच महिन्यात होते. पण ते त्याला कुणी विचारलेच नव्हते!

मला त्या मालकाचा राग आला. पण त्याचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा राग थोडा बाजूला ठेवावा लागला. बारा माणसांची कचेरी. तीस हजार पगाराची बाई सहा महिने रजेवर गेली, तर एक लाख ऐंशी हजार रुपये त्याने गल्ल्यातून मोजायचे, आणि तिच्या जागी आलेल्या माणसाचा पगार वेगळा. हा भुर्दंड मुलगी नेमली तरच पडतो, मुलगा नेमला तर नाही. रजा कायद्याने दिली खरी, पण तिची किंमत मुलाखतीच्या खोलीत मुलींकडून वसूल होऊ लागली.

गंमत अशी की, यावरचा तोडगा आपल्याकडे १९४८ सालापासून कायद्यात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ साली जिथे झाला, त्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीत जाऊन कुणाही कामगार स्त्रीला विचारा. ती कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर तिच्या २६ आठवड्यांचा पगार मालक देत नाही. विमा महामंडळ देते. त्यासाठी प्रत्येक विमेदार कामगाराच्या पगारावर, तो पुरुष असो वा स्त्री, एकाच दराने वर्गणी भरली जाते. बाई नेमली म्हणून मालकाची वर्गणी पैशानेही वाढत नाही. पण या योजनेला पगाराची मर्यादा आहे. २०१७ साली ती २१,००० रुपये ठरली. मर्यादेच्या वरची बाई आली की सारा खर्च एकट्या मालकावर. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बाईची रजा मालकाला फुकट, वरच्या मजल्यावरचीची मात्र लाखाच्या घरात!

म्हणून माझे मत असे : रजा देणे बंधनकारक असावे, पण पगार सर्वांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून मिळावा. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला एक मालक नाही, पाच घरे आहेत. मालकाच्या दाराशी अडलेला कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेवढाच तिचा आधार. निधी असेल तर एक दिवस तिच्याही दाराशी पोचू शकेल.

आणि त्या निधीतून थोडी रजा बापासाठी राखून ठेवावी. ती त्यानेच घ्यावी, नाहीतर बुडावी. स्वीडनमध्ये १९७४ पासून आईबाप दोघांना मिळून ही रजा आहे. आज तिथे ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे असतात, आणि पैसे मालक नव्हे, सामाजिक विमा देतो. आपण पंधरा दिवसांपासून सुरुवात करून महिन्यापर्यंत गेलो तरी पुष्कळ झाले.

"बाप घरी बसून करणार काय? क्रिकेट पाहील!" असे आमच्या शिक्षकांच्या खोलीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. पाहीलही. पण जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, लंगोट धुवायचे असतात, रात्री दोन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या असतात. बाळाला दूध पाजणे सोडले तर यातले एकही काम असे नाही, की जे पुरुषाला शिकून येणार नाही. आईला तरी ते जन्मतः कुठे येते?

बापाच्या रजेने सारे प्रश्न सुटतील असे नाही. पण जी रजा मुलगाही घेणार आणि जिचा पगार निधीतून येणार, तिच्यासाठी मुलीला वगळण्यात मालकाचा फायदा उरणार नाही. मग लग्नाचा तो तिसरा प्रश्न विचारून त्याला मिळणार काय? फार तर लग्नाचे आमंत्रण!