चुन्याखाली गेलेलं चित्र

आज एक साधा प्रश्न घेऊ. भिंतीवरचं चित्र चुन्याखाली गेलं, तर नेमकं काय गेलं?

बिहारमधल्या मिथिलेत लग्नघरी नवदांपत्यासाठी एक खोली सजवतात, तिला कोहबर म्हणतात. घरच्या बायका तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, कासव, सूर्य-चंद्र काढतात. बांबू म्हणजे वंश, संस्कृतात शब्दच तो आहे. पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्र जातं. कुणी हळहळत नाही. पुढच्या लग्नात ते परत येतं. आता 'ते' म्हणजे तेच का? आजीने काढलेलं नातीने पुन्हा काढलं, तर चित्र एक की दोन? आम्हाला वाटतं, तिथे चित्र भिंतीवर नसतंच, हातात असतं. आपल्याकडच्या वारली सवाष्णींच्या लग्नचौकाचंही तसंच.

मग १९६६-६७चा दुष्काळ आला. बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून पुपुल जयकर यांनी कागद देऊन तिथे पाठवलं ते भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला. कागद विकता येतो, आणि विकायचा तर चित्र कुणाचं हे सांगावं लागतं. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावं त्यातून पुढे आली. तिघींनाही पद्मश्री मिळाली.

'भिंतीवरची कला खरी, कागदावरची बाजारू' असं म्हणणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो. गंगादेवींची चित्रं पाहिली आणि गप्प बसलो. अमेरिकेत पाहिलेला रोलरकोस्टर त्यांनी काढला, स्वतःचा कर्करोग आणि इस्पितळ काढलं. त्याच बारीक रेषेत! कोहबरच्या भिंतीने हे विषय त्यांना कधी दिले असते?

शेवटच्या काळात, आजारपणातच, त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं. १९९१ साली त्या गेल्या. २०१५च्या सुमारास नूतनीकरणात ते चित्र नष्ट झालं आणि कलावंत संतापले. आता परंपरेच्या हिशेबाने बघा, कोहबर पुसायचंच असतं. मग संताप कशाचा? गावात भिंत पुसली जाते तेव्हा काढणारी शेजारच्या खोलीत असते. इथे पुन्हा काढणारा तो हातच उरलेला नव्हता.