डोंगरावरचा धूर, डोंगरावरचा पाऊस

न्यायशास्त्राच्या पहिल्याच तासाला एक उदाहरण येतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आयुष्यभर मी ते शिकवत आलो. रडार आणि उपग्रह पाऊस 'पाहतात' असं आपण म्हणतो, पण तेही धूरच पाहतात. पाऊस हे त्यांचं अनुमान असतं.

३० जुलै २०१४. भीमाशंकरच्या डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. आणि त्या वेळी कुलाब्याला डॉप्लर रडार होतं, इन्सॅट-३डी वर्षभरापूर्वीच आकाशात गेला होता!

आता बघा, अडचण कुठे आहे. कुलाब्याहून माळीण साधारण १०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने अर्ध्या अंशावर सोडलेला किरण तिथे पोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच जातो. त्याच्या खाली काय बरसतंय ते त्याला कळत नाही, शिवाय मध्ये सह्याद्रीचे कडे आडवे.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. रडारकडे परतणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. थेंब दुप्पट झाला की प्रतिध्वनी ६४ पट! घाटात पावसाळ्यात बारीक थेंबांचा मारा जास्त. पाणी भरपूर, प्रतिध्वनी कमी. मोठ्या थेंबांच्या वादळी पावसावर बसवलेलं सूत्र इथे लावलं तर पाऊस कमीच मोजला जाणार.

उपग्रहाचंही तसंच. अवरक्त कॅमेरा ढगाचा माथा किती थंड आहे ते सांगतो; माथा थंड, म्हणजे ढग उंच, म्हणजे पाऊस मोठा. वळवाच्या ढगाला हे ठीक. घाटातले ढग पुष्कळदा बुटके, माथा उबदार, आणि तरी धो धो कोसळतात. आमच्या भाषेत, व्याप्तीच चुकली.

म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे थेंबांचे आकार जागेवरच मोजतात. वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावरही रडार बसवलं आहे. अशा मोजमापांवरून घाटाचं वेगळं सूत्र बांधता येतं.

तुम्ही विचाराल, मग माळीण वाचलं असतं का? पावसाचा अंदाज म्हणजे दरडीचा अंदाज नव्हे. उताराची माती किती पाणी प्यायली आहे, हे रडारला ठाऊक नसतं. त्यासाठी पर्जन्यमापक हवा, आणि तोही त्याच उतारावर. भीमाशंकरला झोडपणारा पाऊस मंचरला पोचेपर्यंत भुरभुर होतो. मंचरच्या आकड्यावरून डोंगरातलं गाव हलवायचं की नाही, हे कसं ठरवणार?