उचल, गल्ला आणि हजार दिनार

"पोट भरलेला माणूस सरकारविरुद्ध उठत नाही," असं आपण सहज म्हणून जातो. बहारीनचा इतिहास पाहिला की वाटतं, पैसा किती यापेक्षा त्याची दोरी कुणाच्या हातात, हे आधी विचारायला हवं.

इथं तेल सापडलं 1932 साली. त्याआधी सगळा जोर मोत्यांवर. पाणबुडे हंगामाआधी नाखुदाकडून उचल घ्यायचे. नाखुदा म्हणजे आपल्या कोकणातला नाखवा, आणि उचल तीच, जी ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतात. हिशेबाची वही नाखुदाकडे. बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर. गरिबी पराकोटीची, पण ती माणसाला बांधूनच ठेवायची. 1932 मध्ये पाणबुडे मनामात रस्त्यावर आले, तेही उचल कमी केल्यावर.

1954 ची गोष्ट वेगळी. विम्याच्या सक्तीविरुद्ध टॅक्सी-बसचालकांनी संप केला आणि अब्दुल रहमान अल-बाकिर यांच्या पुढाकारानं अपघात-भरपाईसाठी स्वतःचाच सामाईक निधी उभारला. गल्ला आपला, हिशेब आपला! त्याच वर्षी सुन्नी आणि शिया मिळून एक समिती उभी राहिली. तिच्यात व्यापारी होते, शिकलेले नोकरदार होते. मागणी निवडून आलेल्या सभेची आणि कामगार संघटनेच्या हक्काची. ही काही उपाशी माणसं नव्हती. 1956 च्या अखेरीस अल-बाकिर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना थेट सेंट हेलेना बेटावर धाडलं गेलं, जिथं नेपोलियनला ठेवलं होतं.

आपल्याकडचा 1982 चा गिरणी संप आठवा. मजुरीबरोबर सरकारच्या औद्योगिक संबंध कायद्यालाही तो विरोध होता. सुमारे अडीच लाख कामगार. त्यातले कितीतरी कोकणात, साताऱ्याकडे गावी गेले. ज्यांच्या घरी भात-ज्वारी येत होती ते तग धरू शकले. ज्यांचं सगळं चाळीतल्या एका खोलीतच होतं, त्यांची भांडी विकायला निघाली.

आता 2011. 11 फेब्रुवारीला, इजिप्तमध्ये मुबारक पायउतार झाले त्याच दिवशी, इथं राजे हमद यांनी प्रत्येक बहारिनी कुटुंबाला हजार दिनार जाहीर केले. रक्कम लहान नव्हती. तरी 14 तारखेला लोक रस्त्यावर आले आणि पुढं मोत्याच्या चौकात जमले. मागणी पैशाची नव्हतीच, हे देणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. पुढच्या महिन्यांत हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबरच्या चौकशी आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. बऱ्याच जणांना नंतर परत घेतलं.

आपण परदेशी तर व्हिसानंच नोकरीला बांधलेले. पगार बरा असतो, पण घरात हा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो, आणि कुणीतरी उठून खिडकी लावतं.