आपलाच आठवडा, मग "जागा नाही" का म्हणतात?



आपल्यातल्या काही कुटुंबांनी पूर्वी एलातला किंवा तिबेरियाला टाइमशेअर घेतले. इथे त्याला येहिदात नोफेश म्हणतात. वर्षातला एक आठवडा तुमचा, असे विकणाऱ्याने सांगितले होते. आता मुले आपापल्या संसारात आहेत आणि आपले गुडघे बोलू लागले आहेत, पण देखभालीचे पैसे दरवर्षी भरावेच लागतात. तारीख मागायला फोन केला की पलीकडची मुलगी म्हणते, "एन माकोम." जागा नाही. आणि त्याच संध्याकाळी नातू मोबाइलवर दाखवतो की त्याच हॉटेलात, त्याच तारखांना, पैसे मोजले तर खोली मिळते आहे! माणूस चिडणारच.

पण यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही. मी आयुष्यभर वॉर्डात काम केले, त्यामुळे मला हे खाटांच्या हिशेबाने समजते. वॉर्डात खाट रिकामी दिसते, पण ती सर्जरीची असते. मेडिसिनचा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर असला तरी परवानगीशिवाय त्याला तिथे घालता येत नाही. टाइमशेअरच्या इमारतीतही असेच वेगवेगळे खाते असते. काही आठवडे मालकांचे, काही कंपनीकडे न विकलेले राहिलेले, काही मालकांनी अदलाबदलीसाठी दिलेले. कंपनी आपल्या खात्यातल्या खोल्या हॉटेलसारख्या भाड्याने देते. नातवाने दाखवली ती खोली बहुधा त्या खात्यातली. तुम्हाला "नाही" म्हटले ते मालकांच्या खात्याबद्दल. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा, "कुठल्या खात्यात जागा नाही?"

त्याआधी आपला करार काढून बघा. आपला आठवडा ठरलेला आहे की फिरता, हे त्यात लिहिलेले असते. बऱ्याच जणांना हेच माहीत नसते.

ठरलेला आठवडा म्हणजे दरवर्षी त्याच नंबरचा. वर्षाचे आठवडे 1 ते 52 मोजतात, एखाद्या वर्षी 53 वाही येतो. त्या आठवड्यासाठी तुम्हाला कोणाशी चढाओढ करावी लागत नाही, फक्त पैसे वेळेवर भरलेले हवेत आणि येणार असल्याचे कळवलेले हवे. पण खरी गोची आपल्या सणांची आहे. हे नंबर इंग्रजी कॅलेंडरवर चालतात आणि आपले सण चंद्रावर. आपले साधे वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा अदार महिना दोनदा येतो. त्यामुळे पेसाह, आपल्या आजीच्या भाषेत अनाशी ढाकायचा सण, पुढेमागे सरकतो. 2026 मध्ये पेसाहची पहिली रात्र 1 एप्रिलला, 2027 मध्ये 21 एप्रिलला. वर्षाच्या पहिल्या शनिवारपासून आठवडे मोजले तर पहिली रात्र 2026 मध्ये 13 व्या आठवड्यात येते आणि 2027 मध्ये 16 व्या. म्हणजे ज्याने "पेसाहचा आठवडा" म्हणून 13 नंबर घेतला, त्याला 2027 मध्ये सण घरीच करावा लागेल. विकताना हे कोणी समजावून सांगत नाही. सुक्कोथचेही तेच: 2026 मध्ये 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू, 2027 मध्ये 15 ऑक्टोबरच्या.

फिरता आठवडा असेल तर ठराविक मोसमातला कुठलाही आठवडा मागता येतो. मागता येतो, मिळेलच असे नाही. मोसमांना बहुतेक ठिकाणी रंग दिलेले असतात. लाल म्हणजे गर्दीचा, पांढरा मधला, निळा शांत. निळ्याच्या मालकाला लाल आठवडा हक्काने मिळत नाही, मग वीस वर्षे पैसे भरलेले असोत. आणि बुकिंग कोणत्या दिवशी उघडते ती तारीख महत्त्वाची. जो त्या दिवशी सकाळी फोन करतो त्याला मिळते. "पेसाहला खोली हवी" म्हणून पुरीमनंतर फोन करणे म्हणजे लग्न लागल्यावर हॉल शोधणे. बुकिंग कधी उघडते हे विचारून भिंतीवरच्या लुआहवर खूण करून ठेवा.

तिसरा प्रकार अदलाबदलीचा. आरसीआय ही कंपनी 1974 पासून हे काम करते. आपण आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा आणि दुसऱ्याने जमा केलेला घ्यायचा. तिथे कोणाची खोली आपोआप तयार होत नाही. गोव्यातल्या कोणी डिसेंबरचा आठवडा जमा केलाच नाही, तर तुम्हाला तो कुठून देणार? आणि नाताळात आपली खोली सोडणारा मालक विरळाच. जमा केलेल्या आठवड्याची किंमत मोसम, जागेची मागणी, खोलीचा आकार आणि आपण किती आधी जमा केला यावर ठरते. अगदी शेवटी जमा केला तर किंमत उतरते. मेंबरशिप आणि अदलाबदलीची फी वेगळी, हेही लक्षात असू द्या. ज्यांना कोकणात, नवगाव-अलिबागकडे आपली जुनी ठिकाणे बघायला जायचे आहे, त्यांनी एकच जागा आणि एकच तारीख धरून बसू नये. गोवा किंवा लोणावळा, जानेवारी किंवा फेब्रुवारी, अशी मागणी नोंदवून ठेवली तर कोणी आठवडा जमा केल्यावर नंबर लागायची शक्यता वाढते.

आपल्या वयाला माझे सांगणे असे की लाल आठवड्यांच्या मागे लागूच नये. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुटी, बिरड्याच्या सणानंतर येशिवांनाही सुटी, आणि एलातला उन्हाचा पारा चाळिशीला. ब्लडप्रेशरच्या माणसाने तिथे काय करायचे? सुक्कोथनंतरचे आठवडे किंवा हनुका ते पुरीममधले दिवस बघा. हवा चांगली, जागा सहज, आणि डायनिंग हॉलमध्ये रांग नाही.

बुकिंग करताना खोलीही विचारा, नुसती तारीख नको. लिफ्टजवळची खोली, बाथरूममध्ये धरायला दांडी, इन्सुलिनसाठी फ्रिज, शब्बाथची लिफ्ट. खोलीचा ताबा शनिवारी असेल तर शब्बाथ सुटल्यावर किती वाजेपर्यंत किल्ली देतात हे विचारून घ्या, कारण एलातची बस त्यानंतरच निघणार आणि पोचायला मध्यरात्र उलटेल. जे काही कबूल करतील ते ईमेलवर किंवा एसएमएसवर मागा, तोंडी बोलणे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलीला माहीत नसते.

"जागा नाही" म्हटल्यावर दोन गोष्टी अजून विचारता येतात. एक, थांबलेल्यांच्या यादीत नाव घालता का? दोन, फुकट रद्द करायची शेवटची तारीख कोणती? त्या तारखेच्या आसपास लोक बुकिंग सोडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन लावावा.

यंदा जाणे जमणारच नसेल, ऑपरेशन असेल किंवा मुलीकडे बाळंतपण असेल, तर आठवडा नुसता जाऊ देऊ नका. तो मुलांच्या नावे देता येतो का, भाड्याने लावता येतो का, अदलाबदलीत जमा करता येतो का, हे ऑफिसला विचारा आणि मुदत संपायच्या आत कळवा. आठवडा उलटून गेला की त्याचे काहीच करता येत नाही, आणि त्या वर्षीचे देखभालीचे पैसे मात्र भरावेच लागतात.